चार-दोन-एक

गाडी दोन हजार दोनची, सोळा व्हॉल्व्हची.
धुळ्याच्या एका भूलतज्ज्ञाने हौसेने घेतलेली
आणि गुडघे गेल्यावर मला विकलेली.
थंड असताना टिकटिक करायची,
तापली की गप्प.
महिनाभर मी टॅपेटला बोल लावला.
मग सिकंदर तडवीने काडी पेटवून विझवली,
बॉनेटखाली धरली,
आणि धुराची सरळ रेघ एका जागी थरथरून मोडली.
मॅनिफोल्डला चीर. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध,
केसाएवढी.

ओतीव नवा आता कंपनीच बनवत नाही.
म्हणजे हेडर.
हा शब्द मी कॉलेजात कुणापुढे काढत नाही,
तिथे मी ब्युरेट धुणारी, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणारी
साळुंके मॅडम.

पुण्याहून आलेल्या फोटोतला आरशासारखा चकाकत होता,
चारही नळ्या एकाच ठिकाणी येऊन मिळालेल्या,
खाली आलेख: साडेसहा हजार फेऱ्यांवर
अकरा घोडे जास्त.
अकरा.
रात्री उशीला डोकं टेकलं की टापा ऐकू यायच्या.
नाशिकच्या भंगारवाल्याकडे एक जपानी होता, खरा,
पण ऑक्सिजन सेन्सरला भोकच नाही.
इंजेक्शनच्या गाडीचं नाक बुजवून
तिला म्हणायचं, आता अंदाजाने जेव.

सिकंदर दूध संघाचे पाईप जोडतो.
त्याच्या शेडमध्ये स्टीलचे बेंड हारीने टांगलेले,
आतून बोट फिरवावं इतके गुळगुळीत.
त्याने विचारलं,
"ताई, तू गाडी चालाडस कोठे?"

मी उत्तर द्यायला निघाले आणि थांबले.
आठ दिवस डॅशबोर्डवर कार्ड ठेवलं,
निकालाच्या तक्त्यासारख्या रेघा मारून आकडे लिहिले.
अमळनेर ते धुळे: दोन हजार आठशे.
ट्रॅक्टरच्या मागे: सोळाशे, सोळाशे, सोळाशे.
कन्नडच्या घाटात तीन हजार पाचशे, तेही कुथत.
आणि साडेसहा हजार?
त्या गावाला मी आयुष्यात दोनदा गेले आहे,
दोन्ही वेळा घाबरून लगेच परतले.

तरी कार्ड त्याच्यापुढे ठेवताना
अकरा घोडे सोडवत नव्हते.
तो हसला नाही. खडूने फरशीवर काढलं:
चार नळ्या, त्यांच्या दोन, दोनांची एक.
पहिला-चौथा एकत्र, दुसरा-तिसरा एकत्र,
एकाचा श्वास दुसऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून.
"वर कमी भेटी," म्हणाला, "मधमा भेटी."

मग सुतळी.
प्रत्येक नळीच्या पोटातून सुतळी ओवून मी लांबी मोजली.
तिसरी एकवीस मिलिमीटर आखूड.
तो म्हणाला, इतकं चालतं.
मी म्हणाले, माझ्याकडे चालत नाही.
त्याने नळी कापली, शिव्या हिंदीत दिल्या,
पुन्हा जोडली.
सेन्सरचा नट जिथे चारांचा एक होतो तिथे बसवला,
तिरका, पाणी साचू नये असा.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा
आमच्या बोटांचं तेल जळून धूर झाला.
मग स्टीलला रंग चढू लागला:
कडब्यासारखा, मधासारखा, आणि टोकाशी जांभळा,
आपल्या भरताच्या हिरव्या वांग्याचा नाही,
ते बाहेरगावचं वांगं असतं, तसा.
टिकटिक नव्हती.
आवाज थोडा खाली उतरलेला,
सर्दी गेलेल्या माणसाचा.

रविवारी चाळीसगाव ओलांडून घाट.
जिथे दुसरा टाकावा लागायचा त्या वळणावर
हात गिअरवर गेला, आणि नुसता पडून राहिला.
तिसऱ्यातच चढली.
वरच्या सपाटीवर रस्ता मोकळा होता,
मी पाय दाबला, काटा सहा हजारांपलीकडे नेला.
तिथे दम कमी पडला. स्पष्ट कळला.
आलेखातली रेघ जिथे माझ्या हातून खाली आली होती,
बरोबर तिथे.

खाली चहाला थांबले.
इंजिन निवताना टिक् झालं.
मी कप ठेवला.
पुन्हा टिक्.
स्टील आकसतंय, एवढंच,
असं मी स्वतःला सांगितलं,
आणि टपरीवाल्याकडे काडेपेटी मागितली.